ह्यांच्या पायाला आज हात लावला

मैत्रिणींनो, ह्यांच्या तळपायावरचा त्वचेचा कॅन्सर पसरून पोटरीवर गाठी आल्या, तेव्हापासून हे मला पायाला हात लावू देत नव्हते. "नक्को, तुला होईल." पूर्वी हे संध्याकाळी बेगम बाजारातल्या दुकानातून आले की मीच रोज पाय चेपून द्यायची.

आज डॉक्टरांनी थेट गाठींमध्ये औषधाची इंजेक्शनं दिली. मी विचारूनच टाकलं, "हात लावला तर मला होईल?"

"कॅन्सर स्पर्शानं होत नाही, अम्मा. फक्त पट्टीला हात लावू नका, आतलं औषध हाताला लागायला नको."

घरी आल्यावर ह्यांनी आपणहून पाय पुढे केला. चेपायचा धीर झाला नाही. मी नुसता घोट्यावर हात ठेवून बसले.

गाठी विरतील का, ते काही आठवड्यांनी कळेल. मला रोजची ती संध्याकाळ परत हवी आहे. तुमच्याही घरी आजारी माणूस असं लांब सरकून बसतं का?