बनाबाईनं पाजलेला चीक

बनाबाईचा राग दुधनीच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक. तिच्या मेंढीच्या पाठीवर हात फिरवून कुणी नुसतं "वाळलीया की" म्हणालं, तरी बाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. चाळीस वर्षं मेंढरं राखली. नव्वद मेंढरांतलं कुठलं कोकरू कुणाचं, हे ती तोंड बघून सांगायची. नवरा भिमा म्हणजे गरीब गाय. त्याच्या वाटचंही बोलणं तीच बोलायची.

पण गेली दोन वर्षं ती जी पेटली होती, त्यात तिचं काय चुकलं सांगा! लेक सोनाली होटगीला दिलेली. जावई अजिनाथ रेल्वेत. लग्नाला दोन वर्षं होतायत तोवर पोरीची बोटं सकाळी वळेनात, गुडघे सुजले. सासू अक्कम्मा म्हणाली, सोंग करते. मग केस झडले, तोंडात फोड आले, आणि उन्हात गेलं की दोन्ही गालांवर अन् नाकावर लालभडक चट्टा. तेव्हा हीच अक्कम्मा गावभर सांगत सुटली, सुनेला काहीतरी लागट झालंय. आणि तिचं ताट वेगळं केलं. ताट वेगळं! सव्वीस वर्षांची पोर दारात बसून जेवायची आणि तो अजिनाथ आईच्या तोंडाकडे बघत बसायचा. बनाबाईला कळलं त्या दिवशी ती होटगीला गेली, दारातलं ताट उचलून अंगणात भिरकावलं आणि लेकीला घेऊन आली.

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात निवेदिता नावाच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून रोगाचं नाव सांगितलं, ल्युपस. लागट मुळीच नाही. बाहेरच्या जंतूंशी लढणारी शरीराची जी ताकद असते, ती या रोगात चुकते आणि आपल्याच अंगावर उठते. आज सांध्यांवर, कातडीवर, उद्या किडनीवरही. हे सगळं बाईंनी तीन मिनिटांत, पुढच्या पेशंटचा कागद ओढत सांगितलं आणि लिहिलेला एक कागद सोनालीच्या हातात ठेवला. बनाबाईच्या पदरात पडलं ते एवढंच: गोळ्या रोज घ्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही आणि उन्हात फिरायचं नाही.

गोळ्यांनी पोर सावरली. काही महिन्यांत चट्टा गेला, डोक्यावर बोटभर केस आले. एक दिवस ती आपणहून परातीपुढं बसली आणि चार भाकरी थापल्या. बनाबाई त्या दिवशी कुणावरच ओरडली नाही.

पण लोक सुखानं राहू देतील तर ना! गावात जोतिरामचं औषधाचं दुकान. त्यानं गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि शहाणपणा पाजळला, "मावशे, ह्या तर प्रतिकारशक्ती मारायच्या गोळ्या हायत की! करोनात समदं जग ती वाढवाया धडपडत हुतं, आन् तुमी मारताय व्हय?"

झालं! बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या लेकीची ताकद मारत्यात मुडदे!" म्हणत तिनं पाकीट थेट उकिरड्यावर फेकलं.

ताकद कशी येते हे बनाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. व्यालेल्या मेंढीचं पहिलं घट्ट पिवळं दूध म्हणजे चीक. तो वेळेवर पोटात गेला नाही तर कोकरू दगावतं. गेला तर थंडीवाऱ्यातही तगतं. चाळीस वर्षांत हे खोटं ठरलं नव्हतं. आणि दिवस नेमके मेंढ्या विण्याचे. कोकराचं पोट भरलं की उरलेला चीक बाई पेल्यात काढायची आणि तसाच कच्चा लेकीला द्यायची. तापवला की त्यातला जीव जातो, असं तिचं ठाम म्हणणं.

"आये, डॉक्टरीणबाई म्हनल्या हुत्या..." सोनाली सुरू करायची.

"डॉक्टरीण गेली खड्ड्यात. पी आदी!"

आणि पोर प्यायची.

तिसऱ्या आठवड्यात चट्टा परत उमटला. ताप चढला, पाय सुजले, सकाळी सुजलेले डोळे उघडेनात, लघवीला फेस यायला लागला. भिमानं जीप आणली.

दवाखान्याच्या दारातच बनाबाई कडाडली, "तुमच्या गोळ्यांनी माझ्या लेकीचं हे केलं! माणसाची ताकद मारता व्हय?"

निवेदिताबाईही भडकल्या. "गोळ्या बंद कुणी केल्या?"

"म्या केल्या! आन् चीक पाजला म्हनून हितवर तरी आली ती."

"कच्चा?" बाईंनी कपाळाला हात लावला. "तिला कच्चं दूध अजिबात चालत नाही. आणि या गोळ्या अशा एकदम तोडायच्या नसतात. किडनीवर गेलंय आता." मग त्यांनी आवाज उतरवला. "मेंढरं राखता ना? एखादं राखणीचं कुत्रं आपल्याच मेंढरांना फाडायला लागलं, तर काय करता?"

"काय करनार? बांधून घालते की त्येला..." आणि बनाबाईची नजर लेकीच्या सुजलेल्या पायांवर गेली.

"मी बांधलं होतं. तुम्ही दावं सोडलंत."

पण बनाबाईचं तोंड थांबलं नाही. "मग त्या दिशी हे सांगाया काय धाड भरली हुती? येवढं तर मलाबी कळतंय की! अडान्याला काय कळतंय म्हनून सोडलंत व्हय?"

बाहेर रांग व्हरांडा ओलांडून गेली होती, हे खरं. पण बनाबाईचंही खरंच होतं, आणि ते निवेदिताबाईंना लागलं.

अकरा दिवसांनी सोनालीचा धोका टळला. किडनीचं जे नुकसान झालं ते भरून येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बनाबाई खाटेशी बसून एकेकाचा उद्धार करत होती. अक्कम्मा झाली, अजिनाथ झाला, जोतिरामचं दुकान तर ती पेटवूनच देणार होती.

"आये, बास कर," सोनाली भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "ताट येगळं केलं तवा सासूनं मला इचारलं न्हाय. गोळ्या टाकल्या तवा तू बी इचारलं न्हाईस. डॉक्टरीणबाईंनी समदं कागदावर लिहून दिलं हुतं, त्यो कागद अजून माझ्याजवळच हाय. मी धा यत्ता शिकल्ये, मला वाचता येतंय की. सांगाया तोंड उघडलं, की तू पेला लावायचीस."

दोन वर्षांत पहिल्यांदा बनाबाईला शिव्या द्यायला माणूस सापडेना. मग कमरेच्या पिशवीतलं गोळ्यांचं नवं पाकीट काढून तिनं लेकीच्या हातात दिलं आणि उशाखालचा तो चुरगळलेला कागद ओढून सरळ केला.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच. म्या मदी बोलत न्हाय."