कोऱ्या पट्ट्या

माझ्या मुलीला घरात सगळे आजीबाई म्हणतात. लहानपणापासून ती लावलेलं दार पुन्हा जाऊन बघायची, दुसऱ्यांच्या बाटल्यांची झाकणंही घट्ट करायची. तिचे बाबा म्हणायचे, ही जन्मली तीच साठीची होऊन. अशी मुलगी दंतवैद्य झाली आणि दातात भरलेलं पुन्हा का पडतं, याच्यामागे हात धुऊन लागली, याचं आम्हाला नवल वाटलं नाही.

तिनं मला समजावलं होतं ते असं. दाताच्या कडक कवचाखाली डेंटिन असतं, त्यात बारीक तंतूंची जाळी. भरताना लावलेला गोंद त्या जाळीत मुरतो आणि धरून राहतो. पण तोंडात सतत ओल, त्यात दातातलीच काही द्रव्यं ते तंतू हळूहळू खातात आणि पकड सुटते. द्राक्षाच्या बियांचा अर्क आधी लावला तर तंतू एकमेकांना बांधले जातात आणि पकड टिकते, हे तिला सिद्ध करायचं होतं.

"म्हणजे वेणी घालायची," मी म्हणाले.

"आई, तू आमच्या सरांपेक्षा बरं सांगतेस."

लोकांच्या काढलेल्या दातांवर गोंद आणि भरण लावून तिनं काडेपेटीतल्या काडीहून बारीक पट्ट्या कापल्या. निम्म्यांना गोंदाआधी अर्क लावलेला, निम्म्या कोऱ्या. सगळ्या कुप्यांतल्या पाण्यात, अंगाइतक्या उबेत वर्षभर ठेवायच्या आणि मग यंत्रावर ओढून तोडायच्या. कोऱ्या आधी तुटायला हव्या होत्या. शिष्यवृत्तीही तेव्हाच संपणार होती, वाढवून मिळणार नव्हती. जे काय व्हायचं ते याच पट्ट्यांवर.

मधेच मी जिन्यावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ती दोन महिने माझ्या उशाशी. कुप्यांतलं पाणी बदलायचं काम तिनं प्रयोगशाळेतल्या मावशींवर सोपवलं. मावशी तिथं काचसामान धुतात, आजीबाईवर त्यांचा जीव. फोन करून सांगायच्या, तुझी पिल्लं खुशाल आहेत, तू आईकडे बघ.

वर्ष संपलं. अर्काच्या पट्ट्या यंत्रावर छान टिकल्या. कोऱ्याही तितक्याच टिकल्या.

तिनं यंत्र तपासलं, आकडे तपासले, मग मावशींना सहज विचारल्यासारखं विचारलं. एका कुपीत बुरशीचा पांढरा तवंग दिसला, म्हणून मावशींनी दर वेळी पाणी बदलताना सगळ्याच कुप्यांत फळीवरचं चूळ भरायचं जंतुनाशक घातलं होतं. "दातांचंच औषध ते. दातांना कसं बाधेल?"

बाधलं नाहीच. ते औषध दातात मुरून बराच काळ राहतं आणि तंतू खाणाऱ्या द्रव्यांनाही थोपवतं. म्हणून कोऱ्या पट्ट्या शाबूत राहिल्या, आणि अर्कानं नेमकं काय केलं हे सांगायला जागाच उरली नाही.

सरांना तिनं सांगितलं की औषध आपणच घातलं. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, असं सर म्हणाले म्हणे. मी तिच्या मागे लागले, खरं काय ते सांग, अजून वेळ गेलेली नाही.

"आई, मावशी रोजंदारीवर आहेत. उद्या त्यांना येऊ नका म्हटलं तर कोण विचारणार? माझ्याकडे निदान पदवी तरी आहे."

आता ती दुसऱ्याच्या दवाखान्यात दात भरते. घरी येते, जेवते, भांडी आवरते. कामाचं विचारलं तर म्हणते, ठीक. मला तिच्या जेवणाची काळजी, झोपेची काळजी, आणि सगळ्यांत जास्त त्या 'ठीक'ची.

परवा मावशी मला बघायला आल्या. हाड जुळलं का विचारलं, मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुझ्या त्या दातांचं काय झालं गं शेवटी? कोणी सांगतच नाही मला."

"सगळे टिकले, मावशी."

मावशींनी पदरानं डोळे टिपले. पोरीच्या कष्टाचं चीज झालं, म्हणाल्या. मी मान हलवली. ती चहा टाकायला आत गेली आणि नळ बराच वेळ वाहत राहिला. मी काठी घेऊन उठले, पण मावशींना काही कळू नये म्हणून पुन्हा खाली बसले आणि त्यांच्या नातवंडांची चौकशी करू लागले.