दोन गाठींचा दोर

फक्कीमामा आठवड्यातून दोनदा ठरवून वैतागायचे. शुक्रवारी मैदानाच्या मधोमध मातीचा उंचवटा रचताना आणि रविवारी संध्याकाळी तोच उंचवटा मोडताना. बाकीच्या दिवशीही वैतागायचे, पण त्याला वेळापत्रक नव्हतं.

क्लबचं मैदान एक आणि खेळ दोन. आठवडाभर हॉकी, शनिवार-रविवार बेसबॉल. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा पिचर, त्याला उभं राहायला वीतभर उंच माती लागते. हॉकीवाल्यांना बोटभर उंचवटाही चालत नाही, चेंडू उडतो म्हणे. मग रचा आणि मोडा. एकोणतीस वर्षं मामा तीच चार घमेली माती इकडून तिकडे करत होते आणि त्यांची कंबर त्याचा हिशेब ठेवत होती. रेषाही त्यांनीच आखायच्या. पांढऱ्या फक्कीची गोणी, एक गाडा आणि दोन गाठींचा दोर एवढं त्यांचं सामान. लाल चिंधीची गाठ हॉकीची. गोलच्या खांबाला दोर बांधून त्या गाठीपाशी फक्की सोडत फिरलं की गोलसमोरचा अर्धगोल होतो, त्याला सगळे डी म्हणतात, आणि डीच्या आतून मारलेला गोलच धरतात. निळ्या चिंधीची गाठ बेसबॉलची, बॅटवाल्यापासून पिचरपर्यंतचं अंतर. दोन्ही गाठींत जवळजवळ चार मीटरचा फरक. एकोणतीस वर्षांत मामांची गाठ कधी चुकली नव्हती. सामन्याआधी पंच गोलची जाळी ओढून बघायचे, रेषा मात्र कोणी मोजायचं नाही. मामांची रेष म्हणजे रेष.

असा माणूस घरी जाऊन चार घास सुखाने खाईल, तर तेही नाही. थोरली लेक हॉकीत मधली फळी सांभाळणारी सेंटर हाफ आणि धाकटा मुलगा बेसबॉलचा पिचर. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

"तुमच्या खेळात घाम येतो तरी का रे?" ताई सुरू करायची. "नऊ जण उभे, त्यातले सात जांभया देतात. आम्ही तासभर कमरेत वाकून पळतो. चेंडू पायाशी, नजर वर, आणि पळता पळता ठरवायचं कुणाला द्यायचा. थांबून विचारायला वेळ कुणाला असतो?"

"तेच तर! विचार करायला वेळच नाही, म्हणून तुम्ही करत नाही," धाकटा म्हणायचा. "आमच्यात एकेका चेंडूमागे बेत असतो. बॅटवाल्याला आधी दोन बाहेर टाकून फसवायचं, तिसरा आत. बॅटवाल्यामागे बसलेला कॅचर बोटांनी खुणा करणार, मी मान हलवणार. आणि खांदा? एकदा फेकून बघ माझ्यासारखं, आठवडाभर वेणी घालता येणार नाही."

"बैलही खांद्यानेच ओढतो."

"आणि पळायला तर बकरीही पळते!"

मामांना विचाराल तर त्यांचं मत तयार होतं, पण विचारतंय कोण! ते गवतावरून खेळ ओळखायचे. हॉकी सगळं मैदान सारखं खाते, एक कोपरा सोडत नाही. बेसबॉल पाच-सहा जागाच खातो, पण तिथे मुळापासून. एका खेळात शरीर थोडं थोडं झिजतं, दुसऱ्यात एकदम तुटतं. यात श्रेष्ठ कुठला, हे मामांना एकोणतीस वर्षांत कळलं नव्हतं आणि या दोघांना रोज सकाळी चहाबरोबर कळत होतं. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं!

त्यात त्या वर्षी क्लबच्या सचिवांनी नवीन काडी टाकली. एका मैदानावर दोन खेळ परवडत नाहीत, एकच ठेवायचा. बायकांचा हॉकी संघ वर्षअखेरीचा अंतिम सामना जिंकून वरच्या गटात गेला तर मैदान हॉकीचं, नाहीतर बेसबॉलचं. ताईच्या मैदानाचा आणि धाकट्याच्या मैदानाचा निकाल एकाच बुधवारी लागणार होता.

त्या बुधवारी सकाळी घरात जे महाभारत झालं ते सांगण्यात अर्थ नाही. मामा चहा अर्धा टाकून उठले. मैदानावर पोचले तरी डोक्यात दोघांची तोंडं चालूच होती, आणि मामा मनातल्या मनात दोघांना उत्तरं देत होते. 'बकरी म्हणे! अरे, तुझ्या बहिणीसारखं एक तास वाकून दाखव. आणि तू गं, त्याच्या खांद्याला रात्रंदिवस शेक देते ती तुझी आईच ना?' अशी फर्मास उत्तरं सुचत होती, हात आपला आपण चालत होता, आणि दोन्हीकडचे डी आखून मामा घरी आले.

दुपारी सामना झाला. तिसऱ्या सत्रापर्यंत गोल नाही. मग ताईने डीच्या अगदी कडेवरून, रेषेच्या आत जेमतेम पाऊल ठेवून, चेंडू असा हाणला की पलीकडची गोलकीपर हात वर करेपर्यंत जाळी हलली. एक-शून्य. मैदान हॉकीचं झालं. मामांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच धाकट्याकडे बघून थांबवल्या. बापाने टाळ्यासुद्धा तोलून वाजवायच्या!

नवल एवढंच की धाकटा घरी येऊन एक शब्द बोलला नाही. ताईही गप्प. मामांना वाटलं, चला, सुटलो एकदाचा.

दुसऱ्या दिवशी रेषा पुन्हा गडद करायला त्यांनी दोर ताणला. लाल गाठ जुन्या रेषेच्या चांगली चार पावलं अलीकडे पडली. मामांनी पुन्हा ताणला. मग दुसऱ्या गोलपाशी जाऊन ताणला. निळी गाठ मात्र रेषेवर अचूक बसत होती. मामा तिथेच गवतावर बसले. आदल्या दिवशी दोन्ही डी त्यांनी बेसबॉलच्या गाठीने आखले होते. ताईचा गोल खऱ्या डीच्या बाहेरून झाला होता.

घरी येऊन त्यांनी दोर जेवणाच्या टेबलावर टाकला. दोघांची तोंडं बघून त्यांना सगळं कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुला ठाऊक होतं?"

"मी गोलमागेच उभा होतो बाबा," धाकटा म्हणाला. "ते अंतर मी झोपेतही ओळखीन. रोज तेवढंच फेकतो."

"मग बोलला का नाहीस? तुझंच मैदान गेलं ना!"

"बोललो असतो तर तुमचं नाव गेलं असतं."

मामा ताईकडे वळले. तिने मान वर केली. "मला पहिल्याच धावेत कळलं. रेषेपासून गोलपर्यंत पावलं जास्त पडली. पण बाबा, दोन्हीकडचा डी सारखाच होता. त्यांनाही तेवढाच मिळाला होता. मी डोळे उघडे ठेवून खेळले, हा काय गुन्हा आहे?"

"वा! दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि वर मलाच विचारताय?"

मामी भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "रोज भांडत होतात ना, डोकं कुणाला आणि अंग कुणाला म्हणून? दोघांकडे दोन्ही आहे. तोंड तेवढं वेळेवर उघडत नाही."

मामांनी चपला घातल्या. ताई दारात आडवी आली. "बाबा, नका ना जाऊ. माझं मैदान जाईल."

"माहीत आहे," मामा म्हणाले. त्यांचा आवाज फुटला म्हणून ते जास्तच ओरडले, "बाजूला हो!"

सचिवांनी कपाळाला हात लावला. चषक कपाटात गेलेला, आणि हा माणूस दोर घेऊन दारात उभा. पण ऐकल्यावर दुसऱ्या संघाला कळवणं भाग होतं. सामना पुन्हा झाला. मामांनी लाल गाठ तीनदा तपासून डी आखले. ताईचा संघ एका गोलने हरला. मैदान बेसबॉलचं झालं, आणि हॉकीचा संघ गावाच्या पलीकडच्या टोकाला, एका उजाड मैदानावर गेला. सचिवांनी मामांना नवी टेप दिली. "यापुढे दोर नको. आणि रेष आखली की मला दाखवत जा." एकोणतीस वर्षांनंतर मामांची रेष कोणीतरी तपासणार होतं.

उंचवटा आता कायमचा. माती रचायची नाही, मोडायची नाही. ज्या सुखासाठी मामांनी इतकी वर्षं बोटं मोडली ते सुख मिळालं, आणि ते त्यांना पहिल्या दिवसापासून टोचायला लागलं. ताई घरात बोलेना. धाकटा जिंकूनही मान खाली घालून जेवायचा. रोजची ती कटकट कुठे गेली म्हणून मामांना चक्क कटकट व्हायला लागली.

दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी मामा सवयीने फावडं घ्यायला निघाले, आणि फावड्याचं आता काम नाही हे आठवून दारातच थांबले. ताई बूट घालत होती. तिने खुंटीवरचा दोर काढून त्यांच्या हातात कोंबला.

"चला. तिकडच्या मैदानावर डी वाकडा आहे, एका बाजूने पाऊलभर लहान. तिथल्यांना कुणाला आखता येत नाही."

"मला कशाला नेतेस? ज्याची रेष चुकते त्याला?"

"मी सांगून ठेवलंय तिथे," ताई बुटाची नाडी ओढत म्हणाली, त्यांच्याकडे न बघता. "म्हटलं, माझे बाबा येतील. त्यांची रेष मोजायची गरज नाही. चुकली तर ते स्वतः येऊन सांगतात."

मामांनी दोर उगाच दोनदा गुंडाळला. तेवढ्यात धाकटा आतून फक्कीची गोणी खांद्यावर घेऊन आला.

"डाव्या खांद्यावर घे, गाढवा," मामा ओरडले, "उजव्याने उद्या फेकायचंय ना!" आणि तिघं निघाले.