नुसत्या अल्कोहोलची चकती

माझ्या बापानं जन्मभर तलावात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून मासे धरले. मांड्यांवर गजकर्ण पसरायचं, खाजवून रक्त निघायचं, आणि पुढे पुढे कोणतंच मलम लागू पडेना. त्याच घरातली मी पहिली पदवीधर. आता चंद्रपूरला प्रयोगशाळेत गजकर्णाच्या बुरशीवर नवं औषध शोधते.

तिथल्या माझ्या वरिष्ठ बाई बुरशीला जावईबापू म्हणतात. सकाळी आल्या की काचेची बशी खिडकीशी धरून विचारतात, "काय जावईबापू, मुक्काम वाढवला का?" चांगलं झालं असं त्या कधीच म्हणत नाहीत. नुसतं "पाहू" म्हणतात.

एकदा आलापल्लीच्या जंगलातल्या एका सालीचा अर्क आम्ही कागदाच्या चकतीवर टाकून बुरशी पेरलेल्या बशीत ठेवला होता. काही दिवसांनी सकाळी पाहिलं, तर बाकी बशीभर बुरशी होती, चकतीभोवती उगवलीच नव्हती. मी बापाला सांगायला फोन काढला.

"थांब वं," बाई म्हणाल्या. "अर्क अल्कोहोलात काढला न आपण? मंग सालीनं मेली का अल्कोहोलनं, तुले काय माहीत?"

त्यांनी दुसऱ्या बशीत नुसत्या अल्कोहोलची ओली चकती ठेवली. बुरशी उगवेपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही. बाकी बशीभर उगवली, पण त्या चकतीभोवतीही नाही; म्हणजे पहिल्या बशीतही अल्कोहोलनंच मारली असेल.

"बाबाले काय सांगू, बाई?"

"सांग, अजून नाई."

तेव्हापासून अल्कोहोल उडून जावं म्हणून चकत्या पूर्ण वाळवूनच वापरतो, आणि अर्काशेजारी नुसत्या अल्कोहोलची चकती ठेवतो; तिच्याभोवती बुरशी उगवली तरच अर्काचा निकाल खरा धरतो. औषध मिळालेलं नाही. पण भरवसा ठेवता येईल अशी चाचणी आम्ही उभी केली आहे.