उतारावरच्या चार खोल्या

मी मिठागरावर वाढलेला माणूस. ते मिठागर आता राहिलं नाही, उलव्याकडे त्या जागेवर इमारती उभ्या आहेत, पण सवयी अंगातून जात नाहीत. आमच्याकडे वाफा मोजायचा म्हणजे दोरी ताणून जमिनीला टेकवायची. दोरी अधांतरी राहिली की वडील ओरडायचे, कारण ती लोंबली की माप वाढतं. जमीन सगळी ताटासारखी सपाट, त्यामुळे टेकवलेल्या दोरीने आम्हाला कधी फसवलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जो घोळ घातला तो एखाद्या डोंगराकडच्या माणसाने बापजन्मी घातला नसता.

नोकरी संपायला दोनेक वर्षं होती तेव्हा आम्ही नवराबायकोने नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक प्लॉट घेतला. अरुंद आणि लांबच लांब, खाली रस्ता आणि तिथून मागे चढत जाणारा. लोक म्हणाले, अहो, सपाट जागा मिळाली नाही का? मिळाली असती. पण सपाट जागेत आमचं अर्धं आयुष्य गेलेलं, आणि बायकोला त्या चढावर उभं राहिल्यावर जो वारा लागला त्यानेच सौदा ठरला.

घर कशाला हवं होतं, तर सगळ्यांनी एकत्र यावं म्हणून. पनवेलला स्टँडजवळ तिसऱ्या मजल्यावर आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. मुलगा पुण्याहून बायकोमुलांना घेऊन आला की कोण कुठे झोपणार यावरून नुसता गोंधळ. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, ती आली की आईजवळ जमिनीवर. उरणहून माझा धाकटा भाऊ यायचा, तर त्याची गादी फ्रिजला चिकटून. तो सकाळी उठून म्हणायचा, "दादा, रातभर तुजा फ्रिज माज्याशी बोलत व्हता." सगळे हसायचे, पण मला ते लागायचं. म्हणून नव्या घरात चार खोल्या. एक आमची, एक मुलाची, एक मुलीची आणि एक भावाची. ज्याची त्याची, दाराला कडी असलेली.

मोजायला आम्ही दोघंच गेलो. टेपचं एक टोक घेऊन ती खाली रस्त्याशी उभी राहिली, दुसरं टोक घेऊन मी धापा टाकत वर. तिथून खाली बघितलं तर तिने तिचं टोक डोक्याच्याही वर उचलून धरलेलं. म्हणाली, असं सरळ धरायला नको का? मी वरून खेकसलो, "जमिनीला टेकव आधी, शहाणपणा नंतर." तिने निमूटपणे टेकवलं. मी आकडा लिहून घेतला आणि त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आलेखाच्या कागदावर आमचं घर काढायला घेतलं.

ते काढणं पुढे तीन वर्षं चाललं. खालच्या टप्प्यावर हॉल आणि स्वयंपाकघर, चार पायऱ्या चढून दोन खोल्या, आणखी चार पायऱ्या चढून दोन. ती खिडक्या हलवायची, मी पुन्हा पूर्वीच्या जागी आणायचो. भावाच्या खोलीला बाहेरून वेगळं दार हवं हा तिचा आग्रह, कारण त्याला पहाटे उठून फिरायची सवय. मध्येच मोजणीचा सरकारी नकाशा हातात आला. त्यात लांबी आमच्या मापापेक्षा चांगली पाच फुटांनी कमी. मी म्हटलं, यांनीच काहीतरी घोळ घातलाय, आणि नकाशा फाइलच्या तळाशी सारला.

मग ती गेली. आजार फार लांबला नाही. दिवसकार्याला चार खोल्यांची सगळी माणसं त्या दोन खोल्यांत मावली, आणि तेराव्यानंतर एकेक करून निघून गेली. मुलगा म्हणाला, पुण्याला चला. मी गेलो, दीड महिन्यात परत आलो. तिथे मला कुणी वाईट वागवलं नाही, पण दिवसभर कुणी घरात नसायचं आणि इथेही कुणी नसतं, मग आपलं पनवेल काय वाईट? भाजी घ्यायला बाजारात गेलो की चार ओळखीचे तरी भेटतात. घरी आलं की मात्र घर खायला उठतं. दोन माणसांचा कुकर मी अजून एका माणसासाठी लावतो आणि दोन दिवस तोच भात खातो.

तेव्हा मी ठरवलं, घर बांधायचंच. खोल्या तयार झाल्या की माणसं येतील, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आज त्यांना यायला जागा नाही, म्हणून येत नाहीत. इतकं साधं आहे, असं मी स्वतःला रोज सांगायचो.

ओळखीतून एक आर्किटेक्ट बाई मिळाल्या, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. मी अभिमानाने आलेखाचा कागद पुढे केला. त्यांनी तो बघितला, मोजणीचा नकाशा बघितला, आणि जागेवर जाऊ म्हणाल्या. तिथे त्यांच्या माणसांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली. नळीच्या दोन टोकांना पाणी सारख्या उंचीवर उभं राहतं, त्या खुणेने टेप आडवा, अगदी सपाट धरायचा, ओळंबा खाली सोडायचा, आणि असं पायरीपायरीने वर चढत मोजायचं. माप सरकारी नकाशाशी तंतोतंत जुळलं. बाई म्हणाल्या, काका, तुम्ही टेप उतारावर टेकवून मोजलात. घराची जमीन सपाट असते, तेव्हा माप सपाटच घ्यावं लागतं.

पाणी पातळी दाखवतं हे मी चालायला लागलो तेव्हापासून बघत आलोय. आमचं सगळं पोट त्या पातळीवर भरलं. आणि मलाच ते सुचू नये! त्याहून वाईट म्हणजे तिला सुचलं होतं. ती टोक वर धरून उभी होती आणि मी तिला खाली घ्यायला लावलं. त्या माणसांसमोर मला रडू आलं नाही, पण रिक्षात बसल्यावर आलं. तिची माफी मागायची राहिली, असं फार वाटलं.

पाच फूट गेले, शिवाय माती अडवायला मागे जाड भिंत घ्यावी लागणार. भुसभुशीत जमिनीमुळे मजला चढवता येणार नाही हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. त्यांनी बरीच ओढाताण करून बघितली आणि म्हणाल्या, एक खोली जाणार. कुणाची, ते तुम्ही घरात ठरवा.

माझी झोप उडाली. मुलाची काढली तर सून काय म्हणेल? मुलीची काढली तर ती म्हणणार, शेवटी मुलगी ती परकीच. भावाची काढायची तर वडिलांच्या मागे मी त्याला वाढवलेला. आता भांडणं होणार, रुसवेफुगवे होणार, कुणीतरी वर्षभर फोन करणार नाही. आठवडाभर मी मनात भाषणं जुळवली. मग रविवारी सकाळी चहा पिऊन पहिला फोन मुलाला लावला.

माझं भाषण अर्धंही झालं नसेल, तो म्हणाला, "बाबा, एवढं काय, माझी काढा ना. आम्ही येणार एखाद्या रात्रीपुरते, हॉलमध्ये झोपू." त्याचा जीव भांड्यात पडल्याचं मला इथे ऐकू आलं. मुलीला लावला. ती म्हणाली, माझीच काढा बाबा, दादाची राहू द्या, मुलांच्या शाळा सोडून मला कुठे यायला जमतंय. आता राहिला भाऊ. तो तरी हक्काने भांडेल असं वाटलं. तो म्हणाला, "दादा, माजी काढून टाक. मी कवा येनार हाय तिकडं डोंगरात? मना हितंच बरं हाय."

तिघांनीही प्रेमाने सांगितलं. तब्येतीची चौकशी केली, गोळ्या वेळेवर घ्या म्हणाले. कुणावर रागवायचं? मी फोन खाली ठेवला आणि दुपारपर्यंत तसाच बसून राहिलो. ज्या भांडणाची आठवडाभर धास्ती घेतली होती, ते व्हायला हवं होतं असं वाटत राहिलं. कुणीतरी म्हणायला हवं होतं, माझ्या खोलीला हात लावायचा नाही.

सोमवारी बाईंच्या ऑफिसात गेलो. त्यांनी कॉम्प्युटरवर नकाशा उघडला आणि विचारलं, काय ठरलं काका?

"काय ठरणार, कुणी ऐकायलाच तयार नाही," मी म्हटलं. "मुलगा सोडेना, मुलगी सोडेना, भाऊ तर हमरीतुमरीवर आला. शेवटी मीच म्हटलं, तुम्ही भांडू नका, माझी काढा. मी हॉलमध्ये झोपेन."

बाई हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"नशीबवान आहात, काका."

मी हो म्हटलं, आणि त्यांनी नकाशातून माझी खोली काढून टाकली.