अबोल्यातली डोली

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, त्र्यंबकात, माझं चहाचं दुकान होतं तेव्हाची ही गोष्ट. सन चौतीस-पस्तीसचा सुमार असेल. पाऊस जरा उघडला की नाशकातली, देवळाली कॅम्पातली माणसं मोटारी करून निघत. वाटेत सोमेश्वरला थांबून गोदावरीचा धबधबा बघत, अंजनेरीकडे लांबूनच बोट दाखवत आणि शेवटी आमच्या गडाखाली येऊन चहा मागत. वर बघितलं की निम्म्यांचं अवसान गळायचं. मग डोली. डोलीवाले पुष्कळ होते, पण एकदा आलेला माणूस पुन्हा यायचा तो भिमाजी आणि पुंजाची जोडी विचारत.

दोघांचे खांदे एका उंचीचे, त्यामुळे बसणारा कलंडत नसे. पुढे भिमाजी, मागे पुंजा. मागच्याला पायांपुढची वाट दिसत नाही, कारण मधे सवारीची खुर्ची लोंबत असते. म्हणून पुढच्यानं वाट बघून हाळी द्यायची: पायरी, दगड, निसरडं, पाणी. मागच्यानं त्या हाळीवर पाऊल टाकायचं. सगळा धंदा या विश्वासावर. भिमाजीची नजर कायम खाली. पुंजाची मात्र मोकळी, म्हणून गड दाखवायचं काम आपोआप त्याच्याकडे आलं. कड्यावरून कुठं कुठं पाणी कोसळतं, दरवाजा कुठला, टाकं कुठलं, सगळं तो सांगायचा. इंग्रजांनी गडावर डागलेल्या तोफा त्याच्या गोष्टीत दर साल वाढत. मी हटकलं तर म्हणायचा, "शेट, मानसं लांबून येत्यात. त्यान्ला दोन तोफांवर कसं भागवायचं?"

अशा माणसाशी भिमाजीनं बोलणं टाकलं. कारण ऐकाल तर हसाल. भिमाजीच्या मनात होतं, पुंजाची लेक नवसा आपली सून व्हावी. पण हे तो पुंजाला कधी धड बोलला नव्हता. त्याला वाटे, एवढ्या वर्षांची दोस्ती, यात सांगायचं काय, त्याला कळतंच. पुंजाला काहीच कळलं नाही. त्यानं विंचूरकडचं एक चांगलं स्थळ बघितलं, सुपारी फोडली, आणि पेढा घेऊन हसत भिमाजीच्या दारात आला. भिमाजीनं पेढा घेतला आणि दार लोटलं. त्या दिवसापासून अबोला.

आमच्याकडे अबोल्याची रीत अशी, की ज्यानं तोंड मिटलं त्यानंच उघडायचं. दुसऱ्यानं आधी बोलणं म्हणजे नसलेला गुन्हा कबूल करणं. पुंजा वाट बघत राहिला. त्याच्या बायकोनं, फुलाबाईनं, सणाला पुरणपोळ्या पाठवल्या. पोळ्या पोटात गेल्या, राग होता तिथंच राहिला.

बरं, जोडी मोडावी तर तेही नाही. तसा खांदा दुसरा मिळायचा कुठून? मग भिमाजीनं तोड काढली. हाळी द्यायची, पण पुंजाला नाही, सवारीला. "बाईसाहेब, म्होरं पायरी मोडकी हाय बरं का." "रावसाहेब, इथं निसरडं हाय." बाईसाहेब खुर्चीत बसलेल्या, त्यांना पायरीचं काय करायचं? पण मागं पुंजा ऐकायचा आणि पाऊल जपून टाकायचा. पाहुणे खाली येऊन मला म्हणत, "पुढचा फार अदबीचा माणूस आहे हो." मी कपाळाला हात लावायचो. पुंजाही तसाच वागायचा. खांदा बदलायचा झाला की सवारीलाच सांगायचा, "साहेब, जरा दम खाऊ."

मी भिमाजीला झापलं नाही असं नाही. "अरे, पोरगी सासरी जाऊन तिला लेकरू झालं. आता कुणावर रुसतोस?" तो बशीतला चहा फुंकत म्हणाला, "मला बी कळतं शेट. पर आता बोलायचं तर सुरवात कशानं करू?" खरं सांगतो, राग केव्हाच विरून गेला होता. उरली होती ती नुसती लाज, आणि ती रागापेक्षा चिवट असते.

भाद्रपदात देवळाली कॅम्पातल्या बाजारातला लियाकत शिंपी आपल्या म्हाताऱ्या आईला, गुलजारबींना, गड दाखवायला घेऊन आला. म्हातारी मोठी हौशी. वर जाऊन आली, पुंजाच्या सगळ्या तोफा ऐकून घेतल्या. उतरताना वाटेवर एक ओढा लागतो, कड्यावरून पडलेलं पाणी तिथून वाहतं. तिथं तिनं डोली थांबवली. "भाऊ, मला उतरवा. पाण्यात जरा पाय बुडवते. तुम्ही पुढे व्हा, मी लियाकतचा हात धरून येते." पुढचं सगळं मला तिनंच सांगितलं.

वर नेलेली डोली एकट्यानं खाली आणायची नाही, असा या लोकांचा दंडक. सवारी चालत असली तरी दांड्याची दोन टोकं दोघांच्या खांद्यावर हवीत, एकट्याच्या खांद्यावरची रिकामी डोली अपशकुनाची. म्हणून दोघांनी रिकामी डोली उचलली आणि ओढ्यात शिरले. मधल्या दगडावर शेवाळ होतं. भिमाजीनं ते पाहिलं, ओलांडलं, आणि हाळी द्यायला मान मागं वळवली. खुर्ची रिकामी. सांगणार कुणाला? म्हातारीनं काठावरून बघितलं, त्याचं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

पुंजाचा पाय त्याच दगडावर गेला. डोलीसकट तो खालच्या खडकावर आदळला आणि गुडघ्याचा चुरा झाला.

"पुंजा," भिमाजी ओरडला. म्हातारी म्हणते, ती हाक ऐकून पुंजा त्या वेदनेतसुद्धा हसला. "बोललास व्हय," म्हणाला.

नाशकात दवाखाना झाला, हाडवैद्य झाला. जीव वाचला, पण पाय आखडला तो आखडलाच. पुंजा गडावर परत कधी गेला नाही. त्यानं भिमाजीला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं असं मला वाटतं. निदान भिमाजीला चार शिव्या खाऊन मोकळं होता आलं असतं.

पुढच्या पावसाळ्यात पुंजा काठी टेकत माझ्या दुकानाच्या ओट्यावर येऊन बसू लागला. भिमाजी दुसरा जोडीदार घेऊन डोली वाहायचा. उतरला की थेट पुंजाशेजारी बसायचा आणि किती बोलायचा. सवारी कोण होती, काय म्हणाली, गुळाचा भाव, म्हशीचं दुखणं. मिटलेल्या वर्षांची सगळी भरपाई त्याला करायची होती. पुंजा हूं हूं करत ऐकायचा.

एक दिवस वर आभाळ फाटल्यासारखा कोसळून पाऊस उघडला होता. भिमाजी खाली आला. पुंजानं त्याचं बोलणं मधेच तोडलं. "ते समदं ऱ्हाऊ दे. कड्यावरनं पानी कसं पडतंय, तेवढं सांग. आज लय झकास दिसत आसंल."

मी चहा ठेवला, तो भिमाजीनं उचलला नाही.

"म्या बघितलं न्हाई," तो म्हणाला.

"अरं, आता जातोस तर बघ की."

"रोज ठरवतो रे. वढ्यापाशी आलो की मान वर करायची म्हनतो. पर त्या दगडावरनं नजर हालत न्हाई."