डिसेंबरपर्यंतच्या सह्या

नाशिकची उल्का १९९३ साली लग्न होऊन कुवेतला आली, ती मिरकाबच्या एका जुन्या इमारतीतल्या दोन खोल्यांत. तोंडाने फटकळ आणि व्यवहाराला पक्की. नवरा चंद्रहास अगदी उलट, गरीब गाय. शहराबाहेर अम्गऱ्याला बांधकाम सामानाच्या गोदामात तो स्टोअरकीपर होता. "लोकांचे नवरे बायकोला घाबरतात, आमचे हे सिमेंटच्या गोणीलाही घाबरतात," असं ती चारचौघांत म्हणायची आणि तोही हसायचा.

२००९च्या जानेवारीत त्याचं हसणं थांबलं. मंदीने बांधकामं ठप्प झाली आणि मालकाने त्याचा पगार दोनशे ऐंशी दिनारांवरून दोनशेवर आणला. बायकामुलांना जवळ ठेवायचं तर कागदावर किमान अडीचशे पगार लागे. त्याखाली गेला की त्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, गेलाच. मुलगी क्षितिजा तेव्हा नववीत होती.

कंपनीचा हिशेबनीस रफीक रत्नागिरीचा, घरच्यासारखा. त्यानेच मालकाच्या विनवण्या करून तोड काढली. "वहिनी, कागदावर अडीचशेच दाखवू. पण वर्षभराच्या बारा पगारपावत्यांवर आजच सह्या हव्यात. मालकाची अट आहे."

चंद्रहास घुटमळला. "न मिळालेल्या पैशांवर सही कशी करू?"

"अहो, करा की! सहीने हात झिजतोय का तुमचा?" उल्का कडाडली.

त्याने निमूट बारा सह्या केल्या. मार्चमध्ये इकामा वाढवून मिळाला आणि उल्काने रफीकच्या घरी पुरणपोळ्या पाठवल्या.

जूनपासून मात्र पगार येईनासाच झाला. आज देतो, उद्या देतो. उल्काने शिकवण्या धरल्या, बांगड्या मोडल्या. ऑगस्टअखेर फिंतासच्या एका कंपनीने चंद्रहासला तीनशेवर बोलावलं, पण मालक त्याला सोडेना. पगार थकवल्याचं सिद्ध झालं तर मालकाच्या संमतीवाचूनही नोकरी बदलता येईल, असं कुणीतरी सांगितलं. तेव्हा उल्काच नवऱ्याला हाताला धरून कामगार कचेरीत घेऊन गेली.

कंपनीतर्फे रफीक आला होता. त्याने मान खाली घालून पावत्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. अधिकारी अरबीत विचारणार आणि आपल्याला मराठीत सांगणार तोही हाच, म्हणजे काय बोलायचं!

"जून, जुलै, ऑगस्ट. पगार मिळाल्याच्या पावत्या," रफीक म्हणाला. "विचारतायत, सही तुमचीच का?"

"माझीच."

अधिकारी वरच्या पावत्या चाळत होता. गठ्ठा सरकला आणि सगळ्यात खालची पावती उल्काला दिसली. डिसेंबर! बाहेर तर सप्टेंबरचा पहिला आठवडा चालला होता. रफीकने सगळा गठ्ठा चुकून आणला होता की मुद्दाम, हे तिला पुढे कधीच विचारवलं नाही. चंद्रहासनेही ती पावती पाहिली. त्याचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत तिने त्याला असा पाहिला नव्हता. त्याने बोट पुढे केलं.

"भाऊ, विचार करून," रफीक पुटपुटला. "पावत्या खोट्या ठरल्या, तर पगाराचा कागदही खोटा. त्याच्यावरच वहिनींचा आणि पोरीचा इकामा आहे."

क्षितिजा आता दहावीत होती. शाळेतून बोर्डाला नाव गेलं होतं. उल्काला नवऱ्याची इतकी दया आली की तिथेच हंबरडा फोडावासा वाटला. या माणसाने कधी काही मागितलं नव्हतं. आज सुटायची वाट त्याच्या बोटापासून वीतभर लांब होती. तिने ते बोट धरून मागे घेतलं.

"पैसे मिळाले का, विचारतायत," रफीक म्हणाला.

चंद्रहास त्या डिसेंबरच्या पावतीकडेच पाहत होता.

"मिळाले," उल्का म्हणाली.

अधिकाऱ्याने फाइल मिटली. चंद्रहासने बायकोकडे पाहिलं नाही. अकरा वाजले होते. अर्ध्या दिवसाची तरी हजेरी लागावी म्हणून तो रफीकच्याच गाडीत बसला आणि अम्गऱ्याला कामावर गेला.